कार्डावर शेवटची तारीखही लिहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत किरणोपचारांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. त्वचा काळवंडते, तोंड येते, गिळताना दुखते, थकवा येतो, केस जातात, ही त्यातली यादी खरी आहे. केसांबाबत फक्त एवढे जोडते की जिथे किरण पडतात तिथलेच केस जातात, छातीवर उपचार घेणाऱ्याच्या डोक्यावरचे नाही. पण त्या लेखात जे वाक्य मी शोधत होते ते नव्हते. हे त्रास सुरू झाले म्हणून उपचार मध्येच थांबवू नका, हे ते वाक्य. माझ्या नोकरीची 31 वर्षे रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ म्हणून गेली, आधी कोबाल्ट मशीनवर, मग लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनवर. मी डॉक्टर नाही. पण रुग्णाला टेबलावर झोपवणे, लेझरच्या रेषा त्याच्या अंगावरच्या खुणांशी जुळवणे, दार लावून बाहेरच्या पडद्यावर त्याचा श्वास बघत बटण दाबणे हे काम रोज मीच केले. पत्र लांबले तर खुशाल कापा, पण ते एक वाक्य ठेवा.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल. आपल्याकडे रुग्ण रेडिएशन म्हणत नाहीत, ‘शेक’ म्हणतात. ‘पस्तीस शेक सांगितलेत.’ ‘आज कितवा शेक?’ मीही आयुष्यभर हाच शब्द वापरला. पण शेक म्हटले की मनात उष्णता येते, आणि मग माणूस शेकाचाच हिशेब लावतो: फार भाजले तर चार दिवस थांबावे, जखम भरली की पुन्हा शेकावे. इथे उष्णता जवळजवळ नसतेच. एका वेळी साधारण 2 ग्रे मात्रा देतात. ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. 2 ग्रेने त्या भागाचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्याइतकेही वाढत नाही. मात्र 4 ते 5 ग्रे एकाच वेळी सगळ्या अंगावर पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. इतकी थोडी ऊर्जा इतके नुकसान करते, कारण ती अंग तापवण्यात जात नाही. ती पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवते. पेशीत बहुतांश पाणीच असते. त्या पाण्याचे रेणू फुटून अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. 1 ग्रेमागे एकेका पेशीत डीएनएचा एक धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे एकदम तुटण्याच्या जागा 40 च्या आसपास असतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही तुटले तर ती अडचणीत येते, आणि तेही लगेच कळत नाही. दुखावलेली पेशी विभागायला जाते तेव्हा मरते. म्हणूनच पहिल्या आठवड्यात रुग्णाला काहीच होत नाही आणि तो म्हणतो, ‘ताई, यात तर काही त्रासच नाही!’

स्वरयंत्राच्या कॅन्सरचे एक शिक्षक मला आठवतात. 35 शेक, सात आठवडे. त्यांच्यासाठी जाळीचा मुखवटा केला होता. प्लास्टिकची ती जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात आणि ती थंड झाली की त्याच चेहऱ्याची होऊन जाते. रोज तो मुखवटा टेबलाला खिळवायचा, म्हणजे मान तसूभरही हलत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे तोंड आले. तोंडाच्या आतले अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवे होत असते. जुन्या पेशी झडतात, पण नव्या तयार करणाऱ्या पेशी किरणांनी मारलेल्या असतात, म्हणून जखमा नेमक्या त्या सुमारास दिसू लागतात. पाणीही गिळवेना. वजन उतरले, मुखवटा सैल झाला. एका मंगळवारी 22वा शेक झाला आणि बुधवारी ते आले नाहीत. विभागाने दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. त्यांचा मुखवटा नावाच्या पट्टीसह भिंतीवरच्या फळीवर तसाच होता. आले ते 20 दिवसांनी, सोमवारी. चेहरा टवटवीत. ‘जखमा भरल्या ताई. आता उरलेले 13 एका दमात घेतो.’

त्यांना वाटत होते की आपण शहाणपण केले. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. ज्या वीस दिवसांत त्यांचे तोंड भरून आले, तेच वीस दिवस गाठीतल्या उरलेल्या पेशींनाही मिळाले होते.

हे का, ते समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो नावाच्या शास्त्रज्ञाने एडक्यांवर प्रयोग केले. वृषणातल्या पेशी गाठीतल्या पेशींसारख्या सतत विभागत असतात आणि त्यांच्यावर साधी त्वचा असते, म्हणजे गाठ आणि निरोगी भाग यांची जोडी शेजारी शेजारी मिळाली. एकाच बैठकीत मात्रा दिली तर त्वचा पार जळल्याशिवाय एडका निर्बीज होईना. तीच मात्रा दिवसांवर वाटून दिली तर एडका निर्बीज झाला आणि त्वचा टिकली. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी 1920 च्या दशकात हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली आणि खोलवरचे कॅन्सरही किरणांनी बरे होताना दिसू लागले. आज तुमच्या-माझ्या नातेवाइकाला जे 25 किंवा 35 शेक सांगतात, त्याचे मूळ तिथे आहे. दोन शेकांमधल्या वेळेत निरोगी पेशी आपले तुटलेले धागे सांधून घेतात. बरीचशी दुरुस्ती सहा तासांत होते. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा बिघडलेली असते, म्हणून त्या रोज थोड्या मागे पडत जातात. त्या रोजच्या थोड्या फरकावर सगळा उपचार उभा आहे.

पण मधला वेळ हवा म्हणून तो कितीही चालतो असे नाही. डोके आणि मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या पेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. त्यानंतरचा प्रत्येक वाया गेलेला दिवस भरून काढायला अर्ध्या ग्रेहून जास्त मात्रा लागते, म्हणजे रोजच्या शेकाचा जवळपास तिसरा हिस्सा फक्त तिथेच राहण्यासाठी खर्च होतो. एकूण काळ एका दिवसाने लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्का किंवा थोडी अधिकच घटते, हे अनेक देशांतल्या नोंदींवरून निघालेले गणित आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे किरण आणि आतून द्यायचे किरण मिळून सगळे 56 दिवसांच्या आत संपवायचे असते, तेही याचसाठी. शनिवार-रविवारची सुटी या हिशेबात आधीच धरलेली आहे. आपण घेतलेली सुटी धरलेली नसते.

त्या शिक्षकांचे 13 शेक झाले. आठ महिन्यांनी गाठ तिथेच परतली आणि स्वरयंत्र काढावे लागले. त्या वीस दिवसांमुळेच हे झाले असे एका माणसाबाबत छातीठोकपणे कोणालाही म्हणता येणार नाही. सगळे शेक वेळेवर घेतलेल्यांचीही गाठ कधी कधी परतते. पण ते वीस दिवस गेले नसते तर मला आज हे पत्र लिहिताना इतके लागले नसते. तिसऱ्या आठवड्यात ते शिक्षक उपचाराचे कार्ड घेऊन माझ्यासमोर उभे असताना ‘आता सर्वांत कठीण पंधरवडा येणार आहे, काहीही झाले तरी घरी बसू नका, इथे येऊन सांगा’ एवढे मी म्हणाले नव्हते. मी रोजच्यासारखी ‘कसे आहात?’ म्हणाले.

खंड फक्त रुग्णामुळे पडतो असे मुळीच नाही. मी काम केलेल्या एका विभागात मशीन चार दिवस बंद पडले. सगळ्यांना ‘सोमवारी या’ असे सांगितले आणि प्रत्येकाचा शेवटचा दिवस गुपचूप पुढे सरकवला. भरपाईचे मार्ग होते. रुग्णाला दुसऱ्या मशीनवर नेता येते, शनिवारी बोलावता येते, किंवा किमान सहा तासांचे अंतर ठेवून एका दिवसात दोन शेक देता येतात. यातले काय आणि कोणाला, हे डॉक्टर आणि किरणांच्या मात्रेचा हिशेब करणारे फिजिसिस्ट ठरवतात. तेव्हा कोणी ठरवलेच नाही. शेकांची संख्या पूर्ण झाली की कार्ड पूर्ण समजायचे, अशी सवय पडली होती. त्यात मीही होते.

आता लेखातल्या दुसऱ्या एका वाक्याबद्दल. ‘उपचार काळात लहान मुले व गर्भवतींपासून अंतर ठेवावे’ असे सरसकट छापले गेले आहे. कृपया दुरुस्ती छापा. बाहेरून मशीनने किरण दिले की रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. लिनॅक बंद झाला की किरण संपतात, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसे. कोबाल्ट मशीनमध्येसुद्धा किरणांचा स्रोत शिसाच्या कवचात परत जातो, रुग्णाच्या अंगात काही राहत नाही. अंतर ठेवायचे ते वेगळ्या प्रकारात: थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात तेव्हा काही दिवस, किंवा प्रोस्टेटमध्ये कायमचे बारीक दाणे बसवतात तेव्हा डॉक्टर सांगतील तितके. आतून किरण देऊन स्रोत काढून घेतला असेल तर तिथेही काही उरत नाही.

या एका गैरसमजाची किंमत मी पाहिली आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या एक आजी होत्या. 25 शेक झाले. शेवटच्या दिवशी टेबलावरून उतरताना त्यांनी विचारले, ‘आता किती दिवसांनी नातीला घेऊ?’ पाच आठवडे त्या वेगळ्या खोलीत झोपल्या होत्या आणि नात दाराशी आली की पाठ फिरवत होत्या. त्यांना हे कोणीतरी सांगितले होते, आणि ते खोटे आहे हे आमच्यापैकी कोणीच सांगितले नव्हते. पंचवीस वेळा मी त्यांना झोपवले, पंचवीस वेळा उठवले. मी म्हणाले, ‘आज घ्या. घरी गेल्या गेल्या घ्या.’ त्या तिथेच खुर्चीवर बसून रडल्या.

किरणांची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. 1901 मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावणारे हेन्री बेकेरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली आणि त्याखालची त्वचा भाजली. ऊतींवरचा हा परिणाम पाहूनच डॉक्टरांना उपचाराची दिशा सापडत गेली. हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये दाखवले की क्ष-किरणांनी फळमाशीच्या जनुकांत कायमचे बदल होतात. ज्या किरणांनी कॅन्सर बरा होतो, त्यांनी तो होऊही शकतो. उपचारांनंतर दहा-वीस वर्षांनी त्या जागी नवा कॅन्सर उद्भवण्याचा छोटा धोका असतो आणि लहान वयात तो जास्त असतो. तोंडा-घशाजवळ किरण पडले तर लाळ कायमची कमी होऊ शकते, त्वचेखालचा भाग घट्ट होऊ शकतो. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे. ज्याला आधी सांगितले जाते तो तिसऱ्या आठवड्यात पळत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि तंबाखू ओढणाऱ्यांना एक सांगा: प्राणवायू मिळालेल्या पेशी किरणांनी अधिक मरतात, प्राणवायू नसलेल्या पेशींना मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. धुराने रक्तातला प्राणवायू घटतो. उपचार चालू असताना ओढलेली प्रत्येक सिगारेट गाठीच्या बाजूने जाते.

सर्वांनाच 35 शेक लागतात असेही नाही. हाडातली वेदना कमी करायला कधी 8 ग्रेचा एकच पुरतो, स्तनाच्या कॅन्सरला आता अनेकदा 15 किंवा पाचही देतात. आकडा कमी-जास्त असला म्हणून उपचार हलका किंवा भारी होत नाही. मात्र पाचांपैकी एक चुकला तर पाचवा हिस्सा गेला, एवढे लक्षात असू द्या.

त्या शिक्षकांनंतर मी माझ्यापुरता एक बदल केला. उपचाराच्या कार्डावर शेकांची संख्या लिहिलेली असते, ते कधी संपायला हवेत ती तारीख नसते. डॉक्टरांना विचारून मी ती तारीख कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहू लागले. सोमवारी सुरू होणाऱ्या 35 शेकांचा शेवटचा दिवस म्हणजे 47वा दिवस, शुक्रवार. तारीख पुढे सरकली की रुग्ण स्वतःच विचारायचा, ‘ताई, ही का बदलली? भरपाई कशी करणार?’ हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचला की काहीतरी मार्ग निघायचाच.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी सध्या शेक चालू असतील, तर त्यांनी उद्याच ही तारीख विचारून घ्यावी आणि कार्डावर लिहून घ्यावी. तोंड आले, गिळवत नाही, अंगावर फोड आले, प्रवास झेपत नाही, काहीही असले तरी ते विभागात येऊन सांगावे. वेदनेवर औषध आहे, नाकातून नळी घालून आहार देता येतो, सैल झालेला मुखवटा नवा करता येतो.

आपली,
एक निवृत्त रेडिओथेरपी तंत्रज्ञ