‘विधेयक मंजूर’ म्हणजे ‘कायदा लागू’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एक बाई माझ्या घरी आल्या. मुलगी एकोणीस वर्षांची, एसटीने कॉलेजला जाते. एक मुलगा स्टँडपासून रोज तिच्या मागे लागतो. बाईंनी पिशवीतून एक कात्रण काढलं, डिसेंबर २०२१ चं, घड्यांवर विरलेलं. मथळ्यात ठसठशीत अक्षरांत शक्ती कायदा, म्हणजे महिलांवरील अत्याचारांना अधिक कडक शिक्षा देणारा राज्याचा कायदा, मंजूर झाल्याचं छापलेलं. “चौकीत म्हणतात, असा कायदाच नाही. तुम्ही शाळेत हेच शिकवायचात ना? तुम्ही सांगा त्यांना.”

चौकीतला माणूस खरं बोलत होता. हे त्या माउलीला सांगताना माझा जीव तुटला.

शक्ती विधेयक २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने मंजूर केलं, इतकं खरं. पण मी वर्गात केंद्रसूची ९७, राज्यसूची ६६, समवर्ती सूची ४७ असं घोकून घ्यायचे, त्यातल्या समवर्ती सूचीत पहिलाच विषय फौजदारी कायद्याचा आहे. त्यावर राज्यही कायदा करू शकतं आणि केंद्रही. मात्र दोन्हींत विसंगती आली की केंद्राचा कायदा चालतो. राज्याचा टिकवायचा असेल तर राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं आणि राष्ट्रपतींनी संमती द्यायची. राष्ट्रपती चालतात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि त्यांनी किती दिवसांत निर्णय द्यावा याची मुदत घटनेच्या अनुच्छेद २०१ मध्ये लिहिलेलीच नाही. शक्तीवर केंद्राने हरकती काढल्या, संमती आली नाही. मग १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. शक्ती विधेयक ज्या संहितेत दुरुस्ती करणार होतं, तीच उरली नाही. आंध्र प्रदेशच्या २०१९ च्या अशाच दिशा विधेयकालाही राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

दोन्ही सभागृहांनी एकमुखाने मागितलेली गोष्ट वर्षानुवर्षं उत्तराविना पडून राहते, हे मला मान्य नाही. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण वेळेत म्हणा. तो लढा मोठा आहे. माझी आपल्याकडे मागणी मात्र साधी आहे. सभागृहात मंजूर होतं ते विधेयक; संमती मिळून राजपत्रात येतो तो कायदा. मथळ्यात हा फरक पाळा. आणि प्रत्येक अधिवेशनानंतर एक चौकट द्या: कोणतं विधेयक कुठे अडलंय, राज्यपालांकडे की दिल्लीत.

पाठलागासाठी न्याय संहितेत कलम ७८ आजही लागू आहे. मी ते कागदावर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मायलेकींसोबत चौकीत गेले. तक्रार नोंदवून घेतली. मुलगी म्हणाली, “बाई, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही.”

आपली,
एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका, कराड