ऑरेंज वाइनमधील दोषाबाबत तक्रार

प्रति,
संचालक, वाइनरी

विषय: र्कात्सितेली (पांढऱ्या द्राक्षाची जात) ऑरेंज वाइन: बाटलीत पुन्हा सुरू झालेले किण्वन (आंबणे) आणि 'माउस' (उंदरासारख्या वासाचा) दोष

स.न.वि.वि.

आपल्याकडून मागवलेल्या ऑरेंज वाइनच्या (पांढरी द्राक्षे सालींसकट आंबवून केलेल्या) सहा बाटल्यांच्या खोक्यातील चार बाटल्या सदोष निघाल्या. लॉट क्रमांक, बुचे आणि तळाचा गाळ यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

वाइन गढूळ, तुरट किंवा गडद अंबरी आहे, ही तक्रार नाही. जॉर्जियातील काखेती भागाच्या पद्धतीने क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, साली, बिया आणि देठांसकट पाच-सहा महिने राहिलेली वाइन अशीच हवी. तो तुरटपणा आवडतो म्हणूनच ती मागवली.

पहिली तक्रार फसफशीची. लवकर भरलेल्या वाइनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड उरतो. भांड्यात ओतून ढवळले की तो निघून जातो आणि त्याने बूच हलत नाही. इथे दोन बाटल्यांची बुचे तोंडाच्या वर आली होती आणि तपकिरी गाळावर यीस्टचा ताजा पांढुरका थर होता. वाहतुकीतल्या उष्णतेने बूच वर येऊ शकते, पण साखर शिल्लक नसेल तर यीस्ट पुन्हा कामाला लागत नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली तर साधारण १ बार दाब तयार होतो, आणि साधी बाटली व सरळ बूच असल्या दाबासाठी नसतात. लेबलवर मात्र 'ड्राय', म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, असे छापले आहे. किण्वन पूर्ण होण्याआधीच वाइन भरली गेली, असेच दिसते. भरण्यापूर्वी साखर लिटरमागे २ ग्रॅमच्या खाली आहे का आणि मॅलिक आम्ल (द्राक्षातले आम्ल, जे जिवाणू बाटलीतही आंबवून वायू तयार करू शकतात) संपले आहे का, हे मोजले होते का?

दुसरा दोष जास्त गंभीर. ग्लास नाकाशी नेला तर काही जाणवत नाही. घोट घेतल्यावर दहा-वीस सेकंदांनी, लाळेमुळे तोंडातली आम्लता कमी झाली की, उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास घशामागून वर येतो आणि बराच वेळ जात नाही. थोड्या वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हुंगा, लगेच कळेल. हा वास सगळ्यांना जाणवत नाही, त्यामुळे चाखणारी एकच व्यक्ती असेल तर तो निसटतो. तिघाचौघांनी तरी चाखायला हवे.

सालींतून पोटॅशियम उतरते आणि पीएच वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. पीएच जितका जास्त, तितका सल्फाइटचा (वाइन टिकवणाऱ्या द्रव्याचा) प्रभाव कमी आणि जिवाणूंना मोकळे रान. त्यात बाटल्या भरताना हवा लागली की हा दोष वर येतो. सल्फाइट टाळणे ही आपली निवड आहे, तिचा आदर आहे. पण मग भांडी काठोकाठ भरलेली ठेवणे, क्वेव्री कसून धुणे आणि भरण्यापूर्वी वाइनला पुरेसा वेळ देणे याला पर्याय उरत नाही. 'नॅचरल' या शब्दाआड हे दोष झाकू नयेत.

मागण्या अशा: चार बाटल्यांचे पैसे परत करावेत. याच लॉटची विक्री तूर्त थांबवून साखर, मॅलिक आम्ल आणि पीएच यांची प्रयोगशाळेत तपासणी करावी व निकाल लेखी कळवावा. ज्यांनी या बाटल्या घेतल्या आहेत त्यांना त्या थंड जागी उभ्या ठेवण्यास आणि बूच फडक्याने धरून सावकाश उघडण्यास आजच सांगावे.

उरलेल्या दोन बाटल्या न उघडता थंड ठेवल्या आहेत. तपासणीसाठी हव्या असल्यास पाठवतो.

कळावे,
आपला ग्राहक