ब्लॅक बुक तपासणारा आधी काय उघडतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दादरच्या भाजीविक्रेत्यांच्या यूपीआय वापरावरच्या तुझ्या एम.कॉम. प्रोजेक्टचा ड्राफ्ट वाचला. पेन्सिलने खुणा केल्या आहेत, पण सगळं समासात मावेना, म्हणून हे वेगळं पत्र. गाडीत बसायला जागा मिळाली तर वाच, नाहीतर रात्री.

एक्स्टर्नलपुढे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे, ब्लॅक बुकांचा, म्हणजे बाइंड केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा, गठ्ठा असतो. काळं कव्हर आणि सोनेरी अक्षरं सगळ्यांचीच सारखी, त्यामुळे त्याचे मार्क कुणी देत नाही. पहिल्या पानापासून ओळीने वाचायला वेळही नसतो. उद्दिष्टांचं पान उघडायचं, तिथे बोट ठेवायचं आणि थेट निष्कर्षांवर जायचं, ही तपासण्याची नेहमीची रीत. उद्दिष्टं पाच आणि उत्तरं तीनच निघाली, की मार्क तिथूनच गळायला लागतात. तुझं चौथं उद्दिष्ट आहे 'यूपीआयचा विक्रेत्यांच्या उत्पन्नावरील परिणाम अभ्यासणे'. प्रश्नावलीत उत्पन्नाबद्दल एकही प्रश्न नाही! आता पुन्हा बाजारात जाऊन विचारणं होणार नसेल, तर ते उद्दिष्टच काढून टाक. त्यात कमीपणा काही नाही.

सगळ्यात जास्त काम पद्धतीच्या प्रकरणात आहे. 'दादरच्या ६० भाजीविक्रेत्यांची यादृच्छिक पद्धतीने निवड केली' असं लिहिलं आहेस. यादृच्छिक म्हणायचं तर आधी सगळ्या विक्रेत्यांची यादी हवी आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून नावं काढायला हवीत. तू स्टेशनबाहेर उभी राहिलीस आणि जे बोलायला तयार झाले त्यांना विचारलंस. याला सोयीचा नमुना म्हणतात. तसं सरळ लिहिलं तर मार्क जात नाहीत. चुकीचं नाव दिलं की जातात, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न त्यावरच येतो. कोणत्या वारी, किती वाजता गेलीस तेही लिही. पहाटे घाऊक माल उचलणारं गिऱ्हाईक वेगळं आणि संध्याकाळी ऑफिसातून सुटून जुडी घेणारं वेगळं. किती जणांनी 'नंतर या' म्हणून टाळलं, तो आकडाही दे. मग निष्कर्षात 'मुंबईतील विक्रेते' असं म्हणता येणार नाही, 'पाहणीतील विक्रेते' म्हणावं लागेल.

प्रश्न ७ बघ: 'यूपीआयमुळे तुमचा धंदा सोपा आणि जलद झाला का?' यात दोन प्रश्न आहेत, शिवाय उत्तर आपणच सुचवलेलं. सोपा झाला पण जलद नाही, असं वाटणाऱ्याने काय सांगायचं? 'दहा गिऱ्हाइकांपैकी साधारण किती जण स्कॅन करून पैसे देतात?' असं विचारलं असतंस तर आकडा हाती आला असता. आता प्रश्न बदलता येत नाही, पण ही उणीव मर्यादांमध्ये स्वतःच नोंदव. आपण दाखवलेली चूक परीक्षक सहसा पुन्हा उगाळत बसत नाही.

टेबलांत '६३.३३%' कशाला? ६० माणसांत दशांशाला अर्थ नाही. '६० पैकी ३८ (६३%)' पुरे. तेच टेबल पुन्हा पाय चार्टमध्ये आणि पुन्हा बार चार्टमध्ये घालून पानं फुगवू नकोस, ते लगेच कळतं.

टेबल ४.६ मात्र खरंच चुकलं आहे. वयाचे पाच गट आणि उत्तराचे तीन पर्याय, म्हणजे १५ चौकटी. ६० माणसं १५ चौकटींत वाटली की अपेक्षित आकडा (वयाचा उत्तराशी संबंध नसता तर चौकटीत जितके जण आले असते तो) सरासरी ४ येतो. असा संबंध आहे का ते तपासणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीत तो साधारण ५ च्या खाली नको, नाहीतर उत्तर भरवशाचं राहत नाही. वयाचे तीन गट कर, 'कधीकधी' आणि 'नेहमी' एकत्र घे. चौकटी ६ होतील, सरासरी १०. तरी प्रत्येक चौकटीचा अपेक्षित आकडा वेगळा काढून बघ, एखादी अजून कमी भरू शकते. गट का जोडले, ते एका ओळीत लिही.

संदर्भांबद्दल थोडं कडक बोलते. तुझ्या यादीत यूपीआयच्या वापरावरचा २०१३ चा लेख आहे. यूपीआय आलंच २०१६ मध्ये. हा लेख तू वाचलेला नाहीस, कुठल्या तरी चॅटबॉटने बनवून दिला आहे. असा एक सापडला की बाकीच्या सगळ्या संदर्भांवरचा विश्वास उडतो. प्रत्येक लेखाचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून तो उघडतो का बघ. न उघडणारा आणि न वाचलेला, दोन्ही काढ. पंधरा खरे चाळीस खोट्यांपेक्षा बरे.

सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १८% आली म्हणून घाबरली आहेस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. आधी बघ, संदर्भसूची आणि अनुक्रमणिका वगळून रिपोर्ट काढला होता का; त्या मोजायच्याच नसतात. मग उरेल ते बहुतेक प्रकरण दोनमधलं, आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यातलं. तिथे शब्दांची अदलाबदल करून भागणार नाही. मूळ लेख मिटून ठेव, काय समजलं ते तुझ्या वाक्यात लिही आणि शेवटी संदर्भ दे.

मार्कांची विभागणी प्रत्येक कॉलेजात वेगळी असते. रिपोर्टला किती, व्हायवाला किती, ते गाईडना उद्याच विचार. सर्टिफिकेटवर त्यांची सही बाइंडिंगला टाकण्याआधी घे. सबमिशनच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडे रांग असते, त्यामुळे दोन दिवस हाताशी ठेव.

आज रात्री फक्त टेबल ४.६ कर. एक्सेलची फाइल बाबांच्या लॅपटॉपवर आहे.

तुझी,
आई