सिस्टर एकटी, गावं सात

संपादक साहेब, नमस्कार,

माझी वहिनी वेल्ह्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम (नर्स-दाई) आहे, रीतसर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली, पण गावात सगळे तिला नुसतं सिस्टर म्हणतात. नियम असा की सपाटीला ५ हजार आणि डोंगरी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र. कागदावर बरं दिसतं हो, पण ते ३ हजार लोक सात वाड्यांमध्ये पसरलेत त्याचं काय?

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याबरोबर लसीकरणाला गेलो होतो. निळा व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला, आत आईसपॅक, कारण लस २ ते ८ डिग्रीतच राहायला हवी, आणि एसटी ओढ्याअलीकडेच थांबली मग पुढे चिखलातून चालत, तिथे दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस दिला तर आजी म्हणे ताप आला तर बघा हं! (आला. रात्री साडेअकराला फोन.) परत आल्यावर तीच माहिती रजिस्टरमध्ये, तीच ऑनलाइन, आणि रेंज फक्त देवळामागच्या कट्ट्यावर. नर्सनी कट्ट्यावर बसून डेटा भरायचा का?

प्रवासभत्ता चार महिने अडकलाय, पेट्रोल स्वतःच्या खिशातून. क्वार्टर आहे पण छत गळतं म्हणून ती रोज भोरहून जाते-येते, आणि मग लोकच म्हणतात सिस्टर मुक्कामी राहत नाही.

निदान छत तरी दुरुस्त करा, पुढचा पाऊस यायच्या आत.

– एक वाचक, धनकवडी, पुणे