शिरगणती राजाची, मरण प्रजेचं

संपादक महोदय,

बायबलच्या जुन्या करारातला देव न्यायी, असं लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यातल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या २४व्या अध्यायाशी दरवेळी अडखळतो. इस्राएलवर रागावलेला देव स्वतःच राजा दाविदाला प्रजेची शिरगणती करायला लावतो आणि ती केली म्हणून शिक्षाही देतो. तीन दिवस मरी, ७०,००० बळी. दावीद कळवळून म्हणतो, पाप माझं, या मेंढरांनी काय केलं? त्यावर वेदी बांधायचा हुकूम येतो, बस्स! जुन्या करारातल्याच १ इतिहास या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात हीच गोष्ट आहे, पण तिथे दाविदाला चिथावतो सैतान. नंतरच्या लेखकालाही मूळ कथा पचली नसावी. मरी मात्र त्यानेही देवाच्याच नावावर ठेवली, आकडाही तोच.

– एक वाचक, मिरज