जिना कुठे होता?

नाशिक

प्रिय सुधे,

तीन महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघे आहेत तसेच, साखर बरी आहे.

मी चित्रं काढायला शिकतेय. हस बाई, पोटभर हस. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रातला माझा बैल बघून तू ‘ही खाट कुणाची गं?’ म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. आता नातू शिकवतो. म्हणतो, आजी, वस्तू बघू नकोस, आकार बघ. कप म्हणजे उभा चौकोन, वर लंबगोल, कानाला अर्धा गोल. पेन्सिलीनं हलकं काढायचं, आकार जोडायचे, आतल्या नको त्या रेषा खोडायच्या, मग पेन. सायकल जमली! दोन चाकं, मधे दोन त्रिकोण. दादाच्या सायकलवर इतकी डबलसीट हिंडलो, ते त्रिकोण कधी दिसले नव्हते. माणसं मात्र वारलीतून उचलली: टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वर गोल डोकं, बाईला अंबाड्याचा छोटा गोल. त्यांच्या भिंतीवर एवढ्यावर अख्खं लग्न नाचतं, माझी माणसं अजून कवायत करतात.

परवा म्हटलं, वाडा काढू. दर्शनी भिंतीचा लांबट चौकोन, खिडक्या, चौकात आडाचा गोल, तुळस. मग आपल्या गंगेचा, गोदावरीचा पूर आठवला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणताच काकू आपल्याला पिठाचे डबे वर न्यायला लावायच्या. वर न्यायचे ते जिन्यानंच ना? तिथे पेन्सिल अडली. जिना आडाच्या डाव्या हाताला की उजव्या?

बघून ये म्हणशील. सुधे, वाडा पाडला. गेल्या महिन्यात. कागदावर माझीही सही आहे.

तू नको म्हणाली होतीस. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून तर ही तीन महिन्यांची चुप्पी. सगळे भाऊ समोर बसले होते, बिल्डरचा माणूस पेन उघडून धरून. २००८च्या पुरात मागची भिंत फुगली ती फुगलीच होती, हे खरं. पैसे हवे होते, हेही खरं. सहीचं एवढं वाटलं नाही गं. पण आता रात्री डोळे मिटले की मी चौकात उभी असते आणि वळायचं कुठे तेच कळत नाही. फोटो आहेत, सगळे ओट्यावरचे. जिन्याचा फोटो कोण काढतं? भावांना विचारलं, तर दोघांची दोन उत्तरं. तुम्ही वर राहायचात, तू रोज उतरायचीस.

इंदूरचं नवं घर लागलं का? सूनबाईंना आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

सोबत चित्र आहे. आडाच्या दोन्ही बाजूंना जागा कोरी सोडलीये, जिना काढून परत पाठव. पायऱ्या मोजून काढ. आणि अकराच काढ, उंबरा धरून बारा म्हणायची तुझी लबाडी इथे चालायची नाही.

तुझी,
मंदा