ती विजयाची खूण नाहीये हो

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकाच भूमिकेत अडकलेल्या कलाकारांवर लेख आलाय, त्यात स्टार ट्रेक ह्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतल्या लेनर्ड निमॉयचा फोटो आहे आणि खाली छापलंय 'विजयाची खूण करताना'. अहो, विजयाची खूण दोन बोटांची असते. इथे चार बोटं आहेत, दोन-दोनच्या जोड्या, मधे फट, अंगठा बाहेर. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही सिरीयल लागायची तेव्हा आमच्या चाळीतली सगळी पोरं ही खूण करायला बघायची, निम्म्यांना जमायचीच नाही, मी तर बोटांना रबरबँड लावून प्रॅक्टिस केलीय. निमॉय त्यात टोकदार कानांचा परग्रहवासी व्हायचा, आम्ही त्याला कानवाला म्हणायचो, स्पॉक हे त्या पात्राचं नाव नंतर कळलं.

तर ती खूण निमॉयने स्वतःच आणलेली. माणूस बॉस्टनचा, आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. लहानपणी सिनेगॉगमधे आशीर्वाद चालू असताना वर बघायचं नाही असं वडिलांनी सांगितलेलं, ह्या पठ्ठ्याने हळूच बघितलं तर पुढे उभ्या असलेल्यांच्या हातांची बोटं अशी. ते डोक्यात राहिलं ते थेट १९६७ च्या एपिसोडमधे बाहेर आलं, स्पॉकच्या ग्रहावरचे लोक एकमेकांना भेटल्यावर काय करतील हा प्रश्न आला तेव्हा. मानेला चिमटा घेऊन माणूस आडवा करायची आयडियाही त्याचीच, स्क्रिप्टमधे मागून डोक्यात बंदूक हाणायची होती, हा म्हणाला स्पॉक असली मारामारी करणार नाही.

आता 'अडकला' ह्या शब्दाबद्दल. ह्या रोलच्या आधी पंधराएक वर्षं तो फुटकळ कामं करत होता, टॅक्सी पण चालवली, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेलं हे पहिलंच काम असं तो स्वतः सांगायचा. त्यात चॅनलवाल्यांना ते टोकदार कान नकोच होते. मालिका १९६९ ला बंद पडली, मग मिशन इम्पॉसिबलचे दोन सीझन करून तो स्वतःहून बाहेर पडला, नाटकं केली, फोटोग्राफी केली, स्टार ट्रेकचे दोन सिनेमे डायरेक्ट केले आणि १९८७ ला 'थ्री मेन अँड अ बेबी', जो त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त चालला. (आपला 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' त्याच वळणाचा बरं का.) हा अडकलेला माणूस असेल तर मी पण अडकायला तयार आहे.

लेखात त्याच्या 'आय ॲम नॉट स्पॉक' ह्या १९७५ च्या पुस्तकाचा दाखला दिलाय, पण त्यानेच वीस वर्षांनी 'आय ॲम स्पॉक' लिहिलं ते गाळलंय, म्हणजे अर्धीच गोष्ट सांगितली ना. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तर आलीच नाही. १९७३ ला मालिकेचं कार्टून करायचं ठरलं तेव्हा पैसे वाचवायला मूळ मालिकेतल्या निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेईला आवाजासाठी घेणार नव्हते, एक कृष्णवर्णीय बाई आणि एक जपानी वंशाचा माणूस, तर निमॉयने सरळ सांगितलं की ते दोघं नसतील तर माझाही आवाज मिळणार नाही. घ्यावंच लागलं. स्पॉक झाला होता म्हणून तर त्याचा शब्द चालला.

२७ फेब्रुवारी २०१५ ला गेला, फुफ्फुसाच्या आजाराने. सिगारेट त्याच्या तीसेक वर्षं आधीच सोडलेली, पण उशिराच सोडली असं स्वतःच ट्विटरवर लिहून लोकांना सोडा म्हणून सांगत होता.

पुढच्या रविवारी निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करून छापा. रबरबँडची युक्ती अजून चालते, परवाच भाच्याला शिकवली.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली